लॅब्रेडॉरला घेऊन सगळ्या घरानं गौताळ्यात दिवसभर फिरायचंय, काय काय तयारी करावी?

दादा, तुम्ही लिहिलंय की नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी संभाजीनगरहून तुम्ही दोघं, ९ वर्षांची मुलगी, ५ वर्षांचा मुलगा, तुमचे वडील आणि ४ वर्षांची लॅब्रेडॉर चिकू असे सगळे गौताळ्याला जाणार, सकाळी ९ ला घरून निघायचं, दिवसभर फिरायचं आणि संध्याकाळी परत, तर चिकूसाठी सोबत काय काय घ्यावं ते सांगा. सामान सांगते, पण ते सगळ्यात सोपं आहे म्हणून नंतर. तुमच्या प्रश्नात खरी अडचण वेगळीच आहे. एकाच सहलीत तुम्ही लहान लेकरं, म्हातारं माणूस आणि जाड कुत्रं असे तिघं बसवताय, आणि जागा मात्र अशी निवडलीय की जिथं चौथ्या कुणाचं तरी घर आहे. म्हणून आधी जागा, मग वेळ, मग बाकीचं.

मी जनावरांची डॉक्टर आहे, परभणीच्या पशुवैद्यक कॉलेजातून शिकले, आता संभाजीनगरात मुख्यतः कुत्र्या-मांजरांचं बघते आणि सुट्टी मिळाली की डोंगरात चालायला जाते, पुष्कळदा कुत्रं घेऊनच. हिवाळ्यात सोमवारी सकाळी दवाखान्यात रविवारच्या सहलीवरून आलेली कुत्री असतात, कुणाच्या कानात कुसळ, कुणाचे तळवे सोललेले, कुणाला दोन दिवसांपासून उलट्या. त्यातलं बहुतेक टाळता येण्यासारखं असतं म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

तर गौताळा. ते अभयारण्य आहे, १९८६ साली जाहीर झालेलं, आपल्या आणि जळगाव जिल्ह्यात मिळून अडीचशे चौरस किलोमीटरच्या वर पसरलेलं. अभयारण्यात पाळीव कुत्रं नेता येत नाही, गेटवरच अडवतात. पण समजा एखाद्या रविवारी गर्दीत कुणाचं लक्ष गेलं नाही तरी नेऊ नका, आणि मला ते नियम आहे म्हणून नाही सांगायचं, नियमामागं काय आहे ते सांगायचंय. गौताळ्यात बिबटे आहेत, अस्वल आहे, २०२१ साली तर थेट यवतमाळकडच्या टिपेश्वरहून चालत आलेला वाघ तिथं कॅमेऱ्यात दिसला होता. बिबट्याला कुत्रं हे नेहमीचं खाणं आहे, आपल्याच महाराष्ट्रात अकोले भागात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला तेव्हा त्यांच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचाच निघाला. म्हणजे चिकू सोबत असली की तुम्ही जास्त सुरक्षित होत नाही, उलट बिबट्याला तुमच्यात रस वाटायचं एक कारण तुमच्या पाच वर्षांच्या मुलाच्या शेजारून चालत असतं.

आणि दुसऱ्या बाजूनंही बघा. कुत्र्याचे आजार जंगलात जातात. गीरमध्ये २०१८ साली काही आठवड्यांत वीसहून जास्त सिंह मेले, त्यात डिस्टेंपरचा विषाणू सापडला, हा तोच डिस्टेंपर ज्याची लस आपण पिल्लांना देतो. आपल्या भागात कोल्हा, खोकड, लांडगा हे सगळे कुत्र्याच्याच कुळातले, म्हणजे कुत्र्याला जे होतं ते सगळं त्यांना होऊ शकतं, आणि त्यांना कुणी लस देत नाही सलाईन लावत नाही. तुम्ही म्हणाल चिकूचं लसीकरण पूर्ण आहे. ठीक, त्यानं तिचा धोका कमी झाला आणि तिच्यापासून इतरांना असलेलाही बराच कमी झाला, पण पार्व्होचा, म्हणजे रक्ताचे जुलाब-उलट्या लावणाऱ्या आजाराचा, विषाणू पायाला, केसाला लागूनसुद्धा प्रवास करतो आणि मातीत महिनोन्‌महिने टिकतो. शिवाय नुसत्या कुत्र्याच्या वासानं भेकर, नीलगाय ती जागा सोडतात. तुम्ही लेकरांना जनावरं दाखवायला नेणार आणि चिकूमुळं ती दिसणारच नाहीत.

आता एक गोष्ट स्पष्टच लिहिते कारण दरवर्षी कुणीतरी हे करतंच. "मग चिकूला गाडीत ठेवतो, खिडकी थोडी खाली करतो, आम्ही दीड तासात पितळखोऱ्याची लेणी बघून येतो" असं अजिबात नका करू. बाहेर २४ डिग्री असलं तरी उन्हात उभ्या गाडीत दहा मिनिटांत आतलं तापमान दहा डिग्रीच्या आसपास वाढतं आणि पुढंही वाढत राहतं, खिडकी चार बोटं उघडी असल्यानं जवळपास काहीच फरक पडत नाही. पितळखोऱ्यालाही तिला नेता येणार नाही, पुरातत्त्व खात्याच्या स्मारकात प्राणी आणायला बंदी असते, वेरूळ, अजिंठा, दौलताबाद सगळीकडं तेच.

म्हणून माझं मत असं की या दोन वेगळ्या सहली करा. गौताळा लेकरांना घेऊन एकदा नीट करा, चिकूला त्या दिवशी घरी कुणाच्या तरी ताब्यात ठेवा. आणि चिकूला घेऊन जायची सहल वेगळी, छोटी, तिच्या मापाची.

ती कुठं, हे तुमच्या ओळखीपाळखीवर अवलंबून आहे. माझी पहिली पसंती म्हणजे कुणा ओळखीच्याचं वावर, ज्याला लागून गायरान किंवा बरड माळ आहे, एखादी टेकडी, एखादा पाझर तलाव. फुलंब्री, खुलताबाद, कन्नड या बाजूला कुणी ना कुणी नातेवाईक निघतोच. तिथं फायदा असा की घरमालकाला आसपासचं सगळं माहीत असतं, बिबट्याची हालचाल कुठं आहे, कुठल्या विहिरीला कठडा नाही, कुणाची कुत्री अंगावर येतात. आणि आजोबांना झाडाखाली बाज टाकून बसता येतं, त्यांनी पूर्ण चाललंच पाहिजे असं नाही. डिसेंबरच्या शेवटी-जानेवारीत गेलात तर हुरडाही होईल, लेकरं खूश. ओळखीचं वावर नसेल तर शूलिभंजन किंवा म्हैसमाळच्या पठाराकडं जाता येईल, पण तिथं रविवारी दुपारी गाड्यांची, रील काढणाऱ्यांची गर्दी असते, आणि खुलताबादला शनिवारी भद्रा मारुतीची गर्दी, म्हणून शक्य असेल तर सुट्टीचा आडवार बघा नाहीतर उजाडताच पोचा. तिथलीही बरीच जमीन वनखात्याचीच आहे, ती अभयारण्य नसली तरी वनरक्षकाला आधी विचारलेलं बरं, आणि कुणीच भेटलं नाही तर वनविभागाचा १९२६ हा हेल्पलाईन नंबर आहे त्यावर विचारा. शूलिभंजनला दत्ताच्या देवळात चिकूला नेऊ नका, आळीपाळीनं दर्शन घ्या, एक माणूस कुत्र्यापाशी लांब थांबेल. लोक अनवाणी येतात, कित्येकांना कुत्र्याची भीती असते, आणि "काही करत नाही हो ती" हे वाक्य घाबरलेल्या माणसाच्या काही कामाचं नसतं.

वानरांचं एक सांगते. खुलताबाद, म्हैसमाळ, अजिंठा सगळीकडं काळतोंडी वानरं आहेत. कुत्रं भुंकलं की वानरं पळतात असा लोकांचा समज, पण मोठा हुप्प्या कुत्र्याला चांगलाच फाडू शकतो. २०२१ च्या शेवटी बीड जिल्ह्यात माजलगावजवळच्या लवूळ गावात वानरं कुत्र्याची पिल्लं उचलून उंचावर नेतायत अशी बातमी देशभर झाली होती आणि शेवटी वनविभागानं ती वानरं पकडून दूर सोडली, ते आठवत असेल. टोळी दिसली की खाण्याच्या पिशव्या बंद, पट्टा आखूड, आणि रस्ता बदलायचा. कड्याला आग्या मोहोळ लटकलेलं दिसलं तरी तेच, त्याच्या खालून तर नाहीच जायचं आणि भुंकणारं कुत्रं घेऊन तर मुळीच नाही.

आता चिकूबद्दल. तुम्ही तिचं वजन ३६ किलो लिहिलंय. मादी लॅबला साधारण २५ ते ३२ पुरे, हाडापेरानं थोडं इकडंतिकडं. घरी बघा, तिच्या बरगड्यांवरून तळहात फिरवला की बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, दिसायला नकोत पण लागायला पाहिजेत. दाबल्यावरच लागत असतील तर ती जाड आहे, आणि जाड कुत्र्याला दोन त्रास होतात, सांध्यांवर भार येतो आणि अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. दुसरा जास्त महत्त्वाचा. तुमच्याकडं अजून महिना आहे म्हणता ना, तर आजपासून तिचं खाणं थोडं कमी करा, वरचं बिस्कीट पूर्ण बंद, आणि रोजचं चालणं हळूहळू वाढवा. कॉलनीतल्या डांबरी रस्त्यावर वीस मिनिटं फिरणाऱ्या कुत्र्याला एकदम मुरूम आणि दगडावर तीन तास चालवलं की तळवे सोलतात, ते घट्ट व्हायलाच तीन-चार आठवडे लागतात. पहाटे गोगाबाबा टेकडी किंवा हनुमान टेकडीच्या बाजूला आठवड्यातून दोनदा न्या, तिचाही सराव होईल आणि तुम्हाला कळेल की ती कुठं थकते.

कारण चिकू स्वतःहून थांबणार नाही. लेकरू दमलं की रडतं, आजोबा म्हणतात बसू दोन मिनिटं, कुत्रं मात्र मालक चालतोय म्हणून चालत राहतं, त्यात लॅब म्हणजे तर मालकासाठी जीव टाकणारी जात. दवाखान्यात उन्हानं कोसळलेलं जे जे कुत्रं येतं त्याचा मालक हेच सांगतो की आत्ता पाच मिनिटांपूर्वीपर्यंत उड्या मारत होतं. म्हणून कधी थांबायचं हे तुम्हीच आधी घरून ठरवून निघायचं, तिथं जाऊन नाही.

हे उन्हाचं नीट समजून घ्या, सगळ्यात जास्त कुत्री इथंच जातात. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, पंजाच्या तळव्याला थोडासा येतो तेवढाच. ते धापा टाकतं, जिभेवरचं आणि श्वासनळीतलं पाणी वाफ होऊन जातं आणि त्यानं अंग थंड होतं. आपला घरचा कूलर जसा पावसाळ्यातल्या दमट हवेत नुसताच फिरत राहतो आणि गार काही करत नाही तसंच धापेचं आहे, हवा दमट असली किंवा बाहेरचं ऊन फार असलं की ती पुरत नाही. निरोगी कुत्र्याचं तापमान ३८ ते ३९ च्या थोडं वर असतं, चालताना वाढतंच, पण ४१ च्या पुढं गेलं की आतले अवयव बिघडायला लागतात. नोव्हेंबरच्या शेवटी आपल्याकडं पहाटे छान गार असतं पण दुपारी २८-३० पर्यंत जातं, आणि आपला डोंगर काळ्या दगडाचा, तो ११ नंतर तापतो आणि जमिनीजवळ, म्हणजे चिकूच्या पोटाच्या उंचीवर, आपल्या डोक्याच्या उंचीपेक्षा पुष्कळ गरम असतं. हाताची मागची बाजू दगडावर सात सेकंद टेकवा, टेकवून ठेवता आली नाही तर तिचे पंजेही तिथं नकोत. पग, शित्झू, बॉक्सर अशी चपट्या नाकाची कुत्री असती तर मी सरळ नेऊ नका म्हणले असते, त्यांची श्वासाची वाटच अरुंद असते.

म्हणून तुमचं ९ ला निघायचं वेळापत्रक उलटं करा. त्या दिवसांत सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो, तुम्ही त्या वेळी पायथ्याला असा. त्याआधी अंधारात नको, बिबट्या तेव्हा फिरत असतो. पावणेसातला सुरू, साडेदहाला चालणं संपवून सावलीत, मग जेवण, गप्पा, आणि ऊन उतरायच्या आत गाडीत बसून घरी. ५ वर्षांच्या पोराला घेऊन तुमचं चालणं जाऊन-येऊन ४-५ किलोमीटरच्या वर जाणार नाही, आणि चिकूलाही तेवढंच पुरे. दर वीस-पंचवीस मिनिटांनी थांबा. फेब्रुवारी अर्धा सरला की मी आपल्या मराठवाड्यात कुत्रं घेऊन डोंगर करत नाही आणि कुणाला करा म्हणतही नाही.

इथपर्यंतचं थोडक्यात: गौताळा चिकूशिवाय, चिकूसोबत ओळखीचं रान, उजाडताना सुरू आणि साडेदहाला सावलीत.

त्रास सुरू झाला हे ओळखायचं कसं? जीभ नेहमीपेक्षा लांब आणि टोकाला चमच्यासारखी रुंद होते, हिरड्या गडद लाल, लाळ चिकट घट्ट होते, ती मागं पडायला लागते, सावली दिसली की बसते आणि उठत नाही. इथंच थांबलात तर बहुतेक वेळा सावरतं. पुढची पायरी म्हणजे झोकांड्या, उलटी, डोळे तारवटणं, आणि तिथं एक मिनिट घालवायचं नाही. सावलीत घ्या, असेल तेवढं साधं पाणी पोटावर, जांघेत, काखेत, पंजांवर ओता, ओतत राहा आणि टोपीनं पुठ्ठ्यानं कशानंही वारा घाला. ओला टॉवेल अंगावर टाकून ठेवू नका, तो पाच मिनिटांत गरम होतो आणि उलट उष्णता कोंडतो. बर्फही नको. शुद्धीत असेल तर थोडं थोडं पाणी पिऊ द्या, घशात ओतायचं नाही. आधी थंड करायचं, मग गाडी, एसी पूर्ण, आणि दवाखाना. वाटेत ती बरी दिसायला लागली तरी दवाखाना चुकवू नका, मूत्रपिंडाचा आणि रक्त न गोठण्याचा त्रास एक-दोन दिवसांनी वर येतो. रविवारी तालुक्याच्या ठिकाणी कोण डॉक्टर भेटतील हे शनिवारीच फोन करून विचारून ठेवा.

पाणी चिकूसाठी वेगळं अडीच लिटर धरा. डबक्यातलं, पाझर तलावाच्या काठचं साचलेलं पाणी पिऊ देऊ नका, उंदरांच्या मुतातून लेप्टो (लिव्हर-किडनीचा जिवाणूचा आजार) होतो आणि लसीत त्याचे सगळे प्रकार येत नाहीत. आणि एक आपल्या भागातलं खास, नोव्हेंबरात तुरीवर फवारण्या चालू असतात, धुऱ्यावर बादल्या, ड्रम, फवारणीचं उरलेलं पाणी असतं, तहानलेलं कुत्रं आधी त्यातच तोंड घालतं. दूर ठेवा.

पट्टा. लॅब शहाणी आहे, हाक मारली की येते, हे मला मान्य आहे, तरी पट्टा पूर्ण वेळ. साधा दोन मीटरचा मजबूत, तो लांबत जाणारा दोरीवाला नको, आणि गळ्याला न लावता छातीच्या हार्नेसला लावा. का, तर आपल्या रानात कठडा नसलेल्या विहिरी आहेत, गवतात झाकलेल्या असतात, सशामागं धावलेलं कुत्रं थेट आत जातं. रानडुकरं पिकात येऊ नयेत म्हणून वावराला झटका मशीनच्या तारा असतात, काही ठिकाणी तर बेकायदा सरळ लाईटची तार सोडलेली असते, तिला हात लागला तर माणूसही वाचत नाही. डुकरांसाठी ठेवलेले गावठी बॉम्ब कुत्र्यांनी चावल्याच्या घटना होतात, त्यात जबडा जातो. टिटवी, तित्तर जमिनीवर अंडी घालतात. आणि माळावर धनगरांची मेंढरं असतात. कळप दिसला की लांबूनच थांबा, "दादा कुत्रं सोबत आहे, कुठून जाऊ" असं ओरडून विचारा, ते सांगतील तिकडून जा, गरज पडली तर ते त्यांची कुत्री धरतील. त्यांची कुत्री राखणीची आहेत, ती अंगावर आली तर चूक त्यांची नसते. तुमच्याकडं लॅबऐवजी लातूरकडची पश्मी किंवा कारवानी असं शिकारी कुत्रं असतं तर पट्ट्याबद्दल मी याहून कडक बोलले असते, ती जात हललेलं काहीही दिसलं की दिसेनाशी होते.

अशा भांडणात चावा बसलाच, माणसाला किंवा चिकूला, तर साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायचं, हळद-चुना काही लावायचं नाही, आणि त्याच दिवशी इंजेक्शन. माणसाचं सरकारी दवाखान्यात मिळतं. चिकूची रेबीजची लस चालू असली तरी तिला पुन्हा द्यावी लागते.

पट्टा कुणाच्या हातात, हे तुम्ही विचारलं नाही पण मला ते महत्त्वाचं वाटतं. मुलीनं हट्ट केला तरी ३६ किलोचं कुत्रं तिच्या हातात द्यायचं नाही, उतारावर तर नाहीच, एक झटका बसला की दोघंही दगडावर. मोठी माणसं वाटून घ्या, तुम्ही फक्त चिकूचे, वहिनी फक्त लेकरांच्या. त्या तीन-चार तासांत तुम्ही फोटो काढणार नाही, लहानग्याला खांद्यावर घेणार नाही. आजोबांचा वेग ठरवेल सगळ्यांचा वेग. तुमच्यात अजून एखादा भाऊ-मेव्हणा येत असेल तर फार बरं होईल, खरं तर लहान लेकरं आणि कुत्रं दोन्ही असताना तिसरं धडधाकट माणूस असावंच. मुलीला काम हवं असेल तर पाण्याचं द्या, दर थांब्याला चिकूची वाटी भरायची आणि किती प्यायली ते बघायचं, मुलं हे काम अगदी मनापासून करतात.

बिबट्या दिसलाच, शक्यता कमी आहे पण दिसलाच तर लहानग्याला उचला, पट्टा एकदम आखूड करा, सगळे एकत्र उभे राहून मोठ्यानं बोलत हळूहळू मागं सरका. पळायचं नाही, पाठ करायची नाही, खाली बसायचं नाही.

साप दिवसा, गारव्यात उन्हाला येऊन पडलेले असतात, आपल्या खडकाळ माळावर फुरसं आणि घोणस दोन्ही. कुत्र्याला चावा बहुतेक तोंडावर नाहीतर पुढच्या पायावर बसतो कारण ते हुंगायला जातं. चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, चालवायचं नाही, उचलून गाडीत आणायचं. माणसाला देतात तेच विषावरचं औषध कुत्र्यालाही चालतं, पण ते लवकर मिळालं तरच. म्हणून जाळीत, दगडांच्या ढिगात नाक खुपसू देऊ नका.

खाण्याचं. निघायच्या आधी पोटभर देऊ नका, गाडीत उलटी होते आणि भरल्या पोटी उड्या मारून मोठ्या कुत्र्यांचं पोट फुगून पीळ पडू शकतो, तो जिवावर बेततो. पहाटे थोडंसं, मुख्य जेवण परत आल्यावर अंग गार झालं की. तुमच्या डब्यातलं तिला नको, पिठल्यात कांदा, ठेच्यात लसूण, हुरड्याबरोबरच्या चटणीत लसूण, चिवड्यात कुणी मनुके घालतं, ही सगळी कुत्र्याला विषारी आहेत, चॉकलेट तर आहेच. शिजवलेल्या कोंबडीची हाडं पण नाहीत. लेकरांना हे आधी घरी सांगून ठेवा, लपून भरवण्यात लेकरांना फार आनंद असतो.

आता तुमची यादी. अडीच लिटर पाणी, घडीची वाटी, हार्नेस-पट्टा आणि एक जादा पट्टा, बारीक टोकाचा चिमटा, कापूस, गॉज, चिकटपट्टीची बँडेज, बिटाडिन, एक सलाईनची बाटली धुवायला, थर्मामीटर, जुनी चादर उचलून आणायला झोळी म्हणून, आणि शी उचलायच्या पिशव्या. उचललेली शी तिथंच झाडाला अडकवायची नाही, घरी आणायची, वर पार्व्होचं लिहिलंय ते आठवा. लसीकरणाच्या कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये. आपली क्रोसिन, आयब्रुफेन, डायक्लो यातलं काहीही तिला देऊ नका, लंगडली तरी नका देऊ, एवढ्याशा गोळीनं कुत्र्याचं पोट, मूत्रपिंड नाहीतर लिव्हर जातं.

निघायच्या आधी लसी, म्हणजे रेबीज आणि नाईन इन वन किंवा सेव्हन इन वन (अनेक आजारांची एकत्र लस) जी चालू असेल ती, वर्षाच्या आत झालेली असावी. राहिली असेल तर आताच घ्या, आदल्या दिवशी घेऊन उपयोग नाही, असर यायला दोन-तीन आठवडे जातात. गोचिडांसाठी तोंडातून द्यायची गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध दोन-तीन दिवस आधी द्या, वजनावर डोस असतो म्हणून वजन करूनच, आणि तिला कधी फिट आली असेल तर गोळी घ्यायच्या आधी डॉक्टरांना ते सांगा.

आता घरी परतल्यावरचं काम, जे लोक दमल्यामुळं सोडतात. नोव्हेंबरमध्ये आपलं सगळं कुसळी गवत वाळलेलं असतं, आणि कुसळाची रचना अशी की ते एका दिशेनंच सरकतं, आत. चिकूला घरात घ्यायच्या आधी, अंगणात किंवा गॅलरीत, पंधरा मिनिटं द्या. प्रत्येक बोटाच्या मधली जागा उघडून बघा, कानाच्या आतली बाजू, काख, जांघ, शेपटीखाली, पापण्या. लॅबच्या दाट केसांत ते दिसत नाही, बोटांनी चाचपूनच कळतं. वर टोचलेलं असेल तर चिमट्यानं सरळ ओढून काढा. कानात खोल गेलेलं असेल, म्हणजे ती एकाच बाजूला मान झटकतेय, किंवा नाकात गेलेलं असेल, म्हणजे एकदम शिंका सुरू झाल्यात, तर स्वतः खुपसू नका, दवाखान्यात आणा, गुंगी देऊन काढावं लागतं. बोटांमधून आत शिरलेलं कुसळ आठ-दहा दिवसांनी गळू होऊन वर येतं आणि कधी कधी पार वेगळ्याच जागी निघतं.

गोचिडही याच वेळी शोधा, कानाच्या मागं, मानेखाली, बोटांत. दिसलं तर कातडीला चिकटून धरून सरळ वर ओढा, चिरडू नका, काडी पेटवून चटका द्यायचा नाही, रॉकेल लावायचं नाही. काढलेलं पाण्यात-साबणात टाका. हे सगळं करूनही तीन आठवडे लक्ष ठेवा, गोचीड ताप लगेच येत नाही. खाणं सोडलं, अंग तापलं, हिरड्या फिक्या पडल्या, नाकातून रक्त आलं किंवा लघवी गडद झाली तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता रक्त तपासून घ्या, प्लेटलेटसह, आणि डॉक्टरांना ती अमुक तारखेला गवतात फिरून आलीय हे आवर्जून सांगा, ते सांगितलं की आम्हाला तपासणी कुठून सुरू करायची ते लगेच कळतं.